जानकीची अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न

जानकी,

तुझ्या दिवसकार्याला सूर्यमाळला जो जो आला, त्याने मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "नेमकं कशाने झालं हो बाई?" कुणी पाण्यावर बोट ठेवलं, कुणी मोखाड्यातल्या बाहेरच्या खाण्यावर. एका म्हातारीने तर खालच्या आवाजात सांगितलं की एवढी शिकलेली पोर, कुणाची तरी नजर लागली. मी ओट्यावर बसून सगळ्यांना मान हलवत होते. मनात मात्र तुझ्याशी बोलत होते. म्हटलं, बघ, ही माणसं तुझ्याच जातकुळीची निघाली. कारण मिळाल्याशिवाय यांनाही घास गिळत नाही.

तुझ्या शाळेने श्रद्धांजलीच्या सभेला बोलावलं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, त्यांचं शिक्षण, नोकरी, पुरस्कार, असं थोडं लिहून आणा." मी बसले लिहायला. तुझी जन्मतारीख लिहिली आणि पेन थांबलं. तुझ्याबद्दल लिहायचं तर एका आकड्यापासूनच सुरू करावं लागतं, आणि तो तारखेचा नव्हे. म्हणून ते बाजूला ठेवलं आणि हे तुलाच लिहिते आहे.

वसतिगृहात आपल्या खोलीत आपण सतरा मुली आणि भिंतीवर एकच आरसा. सकाळी त्याच्यासमोर जी झोंबाझोंबी व्हायची, ती आठवून मला आजही हसू येतं. तू तेव्हा आठवीत होतीस, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन कायम सुटलेली. तुला आरशाशी काही घेणंदेणं नव्हतं, पण भांडणाचा निकाल लावायची हौस दांडगी. "एका आरशाचे सतरा भाग," असं म्हणून तू फरशीवर खडूने एकाला सतराने भागायला बसलीस. भाग काही संपेना. आठ दशांशांवर तू थांबलीस, पुढचा आकडा नऊ होता म्हणून आठव्या जागेवरच्या दोनचे तीन केलेस, आणि उत्तर बरोबर आहे का ते बघायला पुन्हा सतराने गुणलंस. पूर्ण एक यायला हवा होता. आला एक, आणि त्याच्या मागे सात शून्यं टाकून आठव्या जागेवर आणखी एक चिकटलेला.

"हा चोर कुठून आला?" तू मला विचारलंस.

"तूच दोनचे तीन केलेस ना," मी म्हणाले.

"ते खरं. पण बरोब्बर एकच कसा उरला? किती सुबक आहे बघ." मग तू शून्य आणि टिंब पुसून टाकलंस. खाली राहिले अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. त्याला सतराने गुणलं की दहा कोटी एक. बाकी मुली आरशावर तुटून पडल्या होत्या आणि तू त्या आकड्याकडे असं पाहत होतीस, जसं कुणी मेळ्यात हरवलेलं माणूस सापडल्यावर पाहील.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं आणि मला जायला घर नव्हतं. वांगणीत आमच्या घराला कुलूप होतं. आई-बाबा दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले होते, पावसापूर्वी परत येणार होते. मी पेटीवर बसून रडत होते. तू काही समजूत वगैरे काढली नाहीस. माझी पेटी उचललीस आणि म्हणालीस, "चल सुमे, आमच्याकडे पाणी नाही, पण जागा आहे."

खरंच पाणी नव्हतं. सूर्यमाळच्या तुमच्या पाड्याखाली ओहोळात खणलेला तो डवरा, त्यात वाटी वाटी पाणी झिरपायचं. हंडा भरायचा म्हणजे बसून राहायचं. तुझी आई आपल्याला पहाटेच नंबर लावायला पाठवायची आणि आपण तिथे सपाट दगडावर कोळशाने भागाकार करायचो. तुला शोधायचं होतं की तुझ्या आकड्याला एक आणि तो स्वतः सोडून कुणाचा भाग जातो का. तू मूळ संख्या अर्ध्या अर्ध्या वाटल्यास, अर्ध्या मला, अर्ध्या तुला. "चोवीसशेच्या थोडं पुढपर्यंत बघायचं," तू म्हणालीस, "त्याच्या पुढे बघायची गरज नाही, कारण त्याचा वर्गच मोठा होतो." मला ते पटलं नव्हतं, पण तू थांब म्हणालीस याचाच आनंद होता.

तुझी आई, जिला मीही आयच म्हणू लागले, वरून ओरडायची, "आगं पोरींनो, रेघा काय वढत बसल्याव? पानी आलंय ना झऱ्यात, भरा की!"

सगळा मे महिना गेला. शेवटच्या भागाकारातही बाकी उरली तेव्हा तू अशी किंचाळलीस की आय विळा घेऊन धावत आली. तिला वाटलं, जनावर निघालं. "काय चावलं गं?" ती म्हणाली. तू तिला मिठी मारलीस. "आय, हिला कुणाचाच भाग जात नाय! ही मूळ आहे, मूळ!" आयने आधी विळा खाली ठेवला, मग आपल्या दोघींचे काळे हात पाहिले, आणि म्हणाली, "बरं झालं. आता हांडं उचला." माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला उन्हाळा होता. तहान होती, ऊन होतं, भाकरीबरोबर बहुतेक दिवस नुसतं मीठ-मिरची होती. पण आई-बाबांची आठवण येऊन मी एकदाही रडले नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला न सांगता कळलं असेल असं धरून चालले.

पुढे तू नाशिकला बी.एस्सी.ला गेलीस आणि मी डी.एड.ला. एकदा सुट्टीत जव्हारच्या स्टँडवर भेटलो तर तुझा चेहरा पडलेला. मी घाबरले. तू म्हणालीस, "सुमे, आपण त्या मे महिन्यात गाढवासारखं राबलो गं. दहा कोटी एकला ज्या मूळ संख्येचा भाग जाईल, तिला सोळाने भागलं की बाकी एकच उरते. म्हणजे तेवढ्याच तपासायच्या होत्या. चाळीस-पन्नास भागाकारांचं काम होतं. एका सकाळीत झालं असतं."

 मग आपण दोघी त्या बाकावर इतक्या हसलो की शेजारच्या आजोबांनी पिशवी उचलून जागा बदलली. हसू ओसरल्यावर तू म्हणालीस, "खरी गोष्ट तर पुढेच आहे, ऊठ." स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीच्या मागच्या बाजूला धूळ बसली होती. त्या धुळीत तू बोटाने आपला आकडा लिहिलास आणि मध्ये एक उभी रेघ मारलीस. एकीकडे पाचशे अठ्ठ्याऐंशी, दुसरीकडे तेवीसशे त्रेपन्न. "चारने भागून बाकी एक उरते अशी कुठलीही मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते," तू सांगत होतीस, "आणि एकाच प्रकारे. एकच जोडी, दुसरी नाही. मी आपल्या आकड्याची जोडी शोधत बसले होते. ही घे जोडी. याचा वर्ग, अधिक याचा वर्ग. कर बेरीज."

मी धुळीत गुणाकार केले. तीन लाख पंचेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस. पंचावन्न लाख छत्तीस हजार सहाशे नऊ. बेरीज केली तर आपलाच आकडा समोर उभा. मधोमध कापला, दोन्ही तुकड्यांचे वर्ग केले, मिळवले, तर तो परत जसाच्या तसा अखंड.  तेवढ्यात कंडक्टरने घंटी दिली आणि गाडी आपला सगळा हिशोब पाठीवर घेऊन नाशिकच्या दिशेने निघून गेली.

मी म्हणाले, "काय भारी योगायोग आहे!"

तुझ्या कपाळावर आठी आली. आपलं जन्मभराचं भांडण तिथे सुरू झालं.

ते भांडण आपण कुठे कुठे नेलं! दोघीही शिक्षिका झालो, तू मोखाड्यात गणिताची, मी जव्हारला मराठीची. प्रशिक्षणाला भेटलो की पहिला विषय तोच. तुझ्या लग्नात हळद लागलेली असताना तू मला म्हणालीस, "अजून योगायोगच का?" नवरदेव रमेशभाऊंना वाटलं, त्यांच्या-तुझ्या भेटीबद्दल चाललंय. बिचारे लाजले. पण जव्हारच्या शिरपामाळावरची ती संध्याकाळ वेगळी होती. सहलीला आलेली तुझ्या वर्गातली आणि माझ्या वर्गातली मुलं एकत्र खेळत होती, पाहुणे फोटो काढत होते, आणि आपण कठड्याला टेकून उभ्या होतो. मी म्हणाले, "डोंगरात एखादा दगड माणसाच्या तोंडासारखा दिसतो. म्हणून काय कुणी घडवलेला असतो? तसंच हे."

"दगडाचं मला माहीत नाही. आकड्याला उगाच तोंड फुटत नाही. योगायोग हा आळशी माणसाचा शब्द आहे, सुमे."

तू सहज बोललीस, पण मला ते झोंबलं. माझा आवाज चढला. मी तुला विचारलं, "माझा भाऊ शंकर भट्टीवर तापाने गेला, त्यालाही कारण शोधू? लोकांनी शोधलं. आई त्याला घेऊन गेली म्हणून गेला, बाबांनी नवस फेडला नाही म्हणून गेला. माझ्या आईने ती कारणं उराशी धरून अर्धं आयुष्य काढलं. योगायोग म्हटलं की कुणावर बोट येत नाही, जानकी. मला तो शब्द लागतो."

 माफी मागितली नाहीस, वादही केला नाहीस. माझा पदर वाऱ्याने उडत होता तो तू तुझ्या मुठीत धरून ठेवलास, मुलांना हाका मारायची वेळ होईपर्यंत. त्यानंतर तू मला पुन्हा कधीही आळशी म्हणाली नाहीस. कारण मात्र शोधत राहिलीस.

ते तू मला सांगितलंस नाशिकच्या दवाखान्यात. तुला झालेला रक्ताचा कर्करोग म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना नुकतंच कळलं होतं. केस गेले होते, ओठ फाटले होते. मी डबा घेऊन आले तर तू म्हणालीस, "डबा राहू दे. बस. मिळालं मला."

औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तू लिहू लागलीस. "दहा कोटी एक म्हणजे दहा हजारांचा वर्ग अधिक एकाचा वर्ग, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण त्याची आणखी एक जोडी आहे. आठ हजार आठशे चोवीस आणि चार हजार सातशे पाच. विषम संख्येच्या अशा दोन जोड्या निघाल्या की ती मूळ राहूच शकत नाही, तिला फुटावंच लागतं. म्हणून तर ती सतराने फुटते. आता बघ. दहा हजारांतून आठ हजार आठशे चोवीस वजा कर आणि निम्मे कर. काय आले?"

"पाचशे अठ्ठ्याऐंशी."

"चार हजार सातशे पाचमध्ये तो एक मिळव आणि निम्मे कर."

"तेवीसशे त्रेपन्न." 

"आहे का योगायोग? दुसरी जोडी आहे म्हणून आपला आकडा असा कापता येतो. या दोघांचे वर्ग मांडून मिळव, बाकी सगळं कटून पहिल्याची दहा हजारपट अधिक दुसरा एवढंच उरतं, म्हणजे दोघं शेजारी शेजारी. तिच्यातूनच तो बाहेर पडतो, सुमे. त्याला दुसरं काही होणं शक्यच नव्हतं." तुझे डोळे चमकत होते. त्या पलंगावर मला दोन वेण्यांची मुलगी दिसली.

मला ते पहिल्याच खेपेला समजलं होतं. तरी मी म्हणाले, "नाही गं कळलं. उद्या परत सांग." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. सांगताना तुझा श्वास लागायचा नाही, आवाज वर्गातला व्हायचा. तिसऱ्या खेपेला तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "तुला केव्हाच कळलंय." मी नाही म्हणाले. तू हसलीस आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलंस.

आणि मग आय आली. सूर्यमाळहून रमेशभाऊंनी तिला आणलं. ती तुझ्या पायाशी बसली ती उठेना, एकेक कारण काढत राहिली. देवाचं करायचं राहिलं म्हणून झालं. पोटुशी असताना तिने काही खाल्लं म्हणून झालं. तुला लांब शाळेत घातलं म्हणून झालं. मीही कमी नव्हते. मी तुझ्या शाळेच्या टाकीचं पाणी, खडूची धूळ, शेतावरची फवारणी, जे सुचेल ते डॉक्टरांना विचारत होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले होते की बहुतेकांच्या बाबतीत असं काही दाखवता येत नाही. मला ते पुरलं नाही. "काहीतरी कारण असेलच ना!" मी तुझ्यासमोरच म्हणाले.

तू आयचा हात हातात घेतलास. "आय, तुजं काय नाय चुकलं. कुनाचंच नाय. असंच झालं. कारन नाय त्याला."

आय तुझ्याकडे बघत राहिली. "खरं सांगतीस?"

"मी गणिताची बाय हाय ना? मी खोटं कशाला सांगू?"

आयने डोळे पुसले. त्या दिवशी कितीतरी वेळाने तिने पाणी मागितलं, चार घास खाल्ले. ती बाहेर गेल्यावर मी तुझ्यावर चिडले. वेडेपणा होता, पण चिडले. "आयुष्यभर मला कारण कारण म्हणून छळलंस. आणि आता तुला योगायोग सुचला?"

"हो. जिंकलीस तू."

"मला नाही जिंकायचं, जानकी."

"माहीत आहे."  मग म्हणालीस, "आकड्याचं कारण शोधलं तर आकड्याला काही होत नाही. आईचं काय होतं, ते तू मला शिरपामाळावर सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं, सुमे."

 मी तुझ्या पायांना तेल लावत बसले. आता वाटतं, निदान 'बरं' तरी म्हणायचं होतं. तू ऐकलं होतंस आणि इतकी वर्षं जपून ठेवलं होतंस, आणि जिथे लागणार होतं तिथे काढलंस. तुझी आई आज जेवते-खाते, नाचणीच्या शेतावर जाते. रडते, पण स्वतःला मारून घेत नाही. माझ्या आईला हे कुणी दिलं नव्हतं.

आता तुला सभेचं सांगायचं राहिलं.

मी काही लिहून नेलं नव्हतं. तुझ्या फोटोला हार होता, उदबत्ती होती, नववी-दहावीची मुलं जमिनीवर रांगेत बसली होती. माझं नाव पुकारलं. मी वळले आणि मागच्या फळ्यावर आपला आकडा लिहिला. म्हटलं, तुमच्या बाईंची ओळख यापेक्षा चांगली मला करून देता येत नाही.

मधल्या रांगेतून एक मुलगी उठली. काळीसावळी, उंच, जरा घाबरलेली. "बाई, हिला बहीण आहे."

"कुणी सांगितलं?"

"जानकीबाईंनी. दवाखान्यातून वर्गासाठी फोन केला तेव्हा म्हणाल्या, वजा करून निम्मे केले की ही मिळते. वजाच्या जागी बेरीज करा, काय मिळतं ते मी आल्यावर सांगा."

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी खडू तिच्या हातात दिला. दहा हजार अधिक आठ हजार आठशे चोवीस, त्याचे निम्मे नऊ हजार चारशे बारा. त्याच्या शेजारी तिने तेवीसशे त्रेपन्न लिहिले. दोन्हींचे वर्ग फळ्यावर एकाखाली एक मांडले, मिळवले, आणि बाजूला सरकली. नऊ कोटी एक्केचाळीस लाख बावीस हजार तीनशे त्रेपन्न. मधोमध कापलं की तेच दोन तुकडे! मुलं एकदम बोलू लागली. कुणी वहीवर ताळा करत होतं, कुणी बोटांवर. मी विसरले की मी कशाला आले आहे. मी विचारलं, "ही पण मूळ आहे का रे?"

"सतराने बघा!" मागून कुणीतरी ओरडलं. दोघे-तिघे फळ्याजवळ आले. सतराने भाग गेला, बाकी शून्य. आणि भागाकार लिहून झाल्यावर ती उंच मुलगी स्वतःशीच "अगं बाई" म्हणाली. पंचावन्न लाख छत्तीस हजार सहाशे नऊ. तो आकडा वर आधीच लिहिलेला होता. तेवीसशे त्रेपन्नचा वर्ग! ही बहीण म्हणजे सतरा गुणिले तेवीसशे त्रेपन्न गुणिले तेवीसशे त्रेपन्न. एक बहीण कशानेच न फुटणारी, दुसरी अशी नीटस फुटणारी.

हे तुला माहीत होतं का गं? माहीत असणारच. मग मला का नाही सांगितलंस? की मीही शोधावं म्हणून ठेवलंस? मला याच्यावर तुझ्याशी भांडायचं आहे, आणि ते कसं करायचं ते मला समजत नाही.

मुख्याध्यापकांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. घंटा झाली. मुलं उठली, फळ्याकडे वळून वळून बघत बाहेर पडली. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं राहूनच गेलं. शिपाईभाऊ धावत आले, "सर, बोलावू का परत?" व्हरांड्यातून आवाज येत होते. अशाच, याहून मोठ्या संख्या असतील, नसतील, तू चुकलास, तूच चुकलीस, दाखव बघू. दोन मुली तर पायरीवर बसून मातीत लिहायलाही लागल्या होत्या.

सर म्हणाले, "नको. असू द्या."

मी खिडकीत उभी राहून ऐकत होते. जानकी, तुझ्या शाळेत त्या दिवशी कुणीही गप्प नव्हतं.